तरंगती युद्धनौका बघायची आहे: नागपूरहून चाळीस पोरं घेऊन कुठं जावं?

मास्तर_महाल

दिवाळीनंतर आठवी-नववीची चाळीस मुलं आणि चार शिक्षक, अशी सहल ठरते आहे. अट एकच: जुनी युद्धनौका बघायची आणि ती पाण्यात तरंगणारी हवी. मुलांनी अंबाझरी आणि फुटाळा सोडून मोठं पाणी पाहिलेलं नाही. पालकांच्या बैठकीत निम्म्यांनी ‘मुंबईची विक्रांत’ सुचवली, निम्म्यांनी विशाखापट्टणम. पहिली दहा ठिकाणं, दुसरी दहा ठिकाणं असल्या याद्या नकोत. आत काय असतं, चढउतार किती, कुठं अडतं आणि का, हे माहीत असणाऱ्यांनी सांगावं.

---

खारं_वारं

मास्तर, आधी विक्रांतचं नाव यादीतून काढा. पालक ज्या विक्रांतबद्दल बोलताहेत ती जुनी विमानवाहू नौका, मूळची ब्रिटिशांची ‘हर्क्युलीस’. १९४५ मध्ये पाण्यात उतरवली, पण महायुद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिली, भारतानं विकत घेऊन बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला नौदलात आली. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळत होती, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलावात गेली आणि त्याच वर्षाअखेरीस तोडायला सुरुवात झाली. तिच्या पोलादातला काही भाग एका मोटरसायकलच्या टाकीत गेला, ते पोरांना जास्त माहीत असेल. आज नौदलात आहे ती विक्रांत वेगळी, २०२२ ची, कामावरची नौका. तिथं सहल नेता येत नाही.

विराटचंही तेच झालं. २०१७ मध्ये निवृत्त. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली, आकडा ८५२ कोटींचा होता. २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला लागली.

तुमची ‘तरंगणारी’ ही अटच अडचणीची आहे. आपल्याकडे शाळेची सहल नेण्याजोगी जी ठिकाणं चांगली चालली आहेत, ती बहुतेक जमिनीवर आहेत. विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी वाळूत काँक्रीटच्या पायावर उभी आहे. कारवारची चपल क्षेपणास्त्र नौकाही टागोर किनाऱ्यावर जमिनीवर. अलप्पुळाच्या किनाऱ्यावर टी-८१ ही छोटी वेगवान गस्ती नौका आहे, तीही कोरड्यात.

---

तर्रीवाला

काहून बाप्पा? जहाज पाण्यात ठेवायलाच बनवलं नं? मंग पाण्यात ठेवायला एवढा त्रास काहून?

---

गोदीतला_पाना

@तर्रीवाला, प्रश्न बरोबर आहे. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

कामावरचं जहाज दर काही वर्षांनी सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत जातं. तिथं तळ खरवडतात, रंगवतात, पत्रा मोजतात, झिजलेला बदलतात. संग्रहालय झालेलं जहाज एकदा धक्क्याला बांधलं की बहुधा हलतच नाही. इंजिन बंद, खलाशी नाहीत, गोदीपर्यंत ओढून न्यायचं तर विमा, ओढणारी टगबोट, गोदीचं भाडं, आणि तेवढे दिवस तिकीटविक्री बंद. म्हणून पुढं ढकलतात. लंडनची ‘बेलफास्ट’ ही संग्रहालय झालेली युद्धनौका १९८२ नंतर थेट १९९९ मध्ये गोदीत गेली. अमेरिकेची तशीच ‘टेक्सास’ १९९० ला गोदीतून बाहेर आली ती पुन्हा २०२२ मध्येच आत गेली. बत्तीस वर्षं खाऱ्या-मचूळ पाण्यात, तळाला कुणी हात न लावता.

सगळ्यात आधी खातो तो पाणरेषेचा पट्टा. पूर्ण पाण्याखालच्या पत्र्याला प्राणवायू कमी मिळतो, पूर्ण वरचा पत्रा रंगवता येतो. मधला हातभर पट्टा मात्र दिवसभर ओला-कोरडा होत राहतो, त्यात मीठ साचतं, होड्या घासून रंग निघतो. गंज तिथून आत शिरतो. त्यात एक गंमत आहे जी फारशी लक्षात येत नाही: निवृत्त जहाजातून इंधन, दारूगोळा, पाणी काढलं की ते हलकं होऊन वर येतं. म्हणजे पाणरेषा जुन्या जागेवर राहत नाही, आणि मूळ बांधणीत जिथं त्या पट्ट्यासाठी खास जाड पत्रा किंवा खास रंग दिला होता, तिथं आता पाणीच लागत नाही.

दुसरी भानगड जस्ताच्या ठोकळ्यांची. पोलाद, पितळेच्या झडपा आणि पितळी पंखा एकाच खाऱ्या पाण्यात असले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि पोलाद झिजतं. म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात. ठोकळे संपले आणि नवे लावले नाहीत तर मग पोलादाची पाळी. आणि जस्त चालतं ते खाऱ्या पाण्यात. नदीत-तळ्यात गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम लागतं, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम बरं पडतं. समुद्रातलं जहाज नदीत आणून जुनेच जस्ताचे ठोकळे ठेवले तर ते वरून पांढरी पुटं धरून नुसते बसून राहतात.

तिसरं, तळाची भोकं. इंजिन थंड करायला, आग विझवायला, संडासासाठी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या डझनावारी झडपा पाणरेषेखाली असतात. संग्रहालय करताना त्या प्रत्येकीवर बाहेरून पत्रा वेल्ड करून कायमचं बूच मारायला हवं. झडप नुसती फिरवून बंद ठेवली तर चाळीस वर्षांनी झडपेचं अंगच पोखरून जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बफेलोला ‘द सलिव्हन्स’ ही दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका रात्रीतून एका अंगावर कलून धक्क्यालाच बसली. पाणी आत येण्याचा वेग पंपांपेक्षा जास्त झाला, एवढंच.

---

तर्रीवाला

मंग जमिनीवर आणली की झालं नं. विषय खतम.

---

गोदीतला_पाना

विषय तिथं सुरू होतो. पाणी जहाजाला सगळीकडून, सारख्या जोरानं उचलून धरतं. जमिनीवर तेच वजन काही ठरावीक टेकूंवर येतं. टेकूच्या जागी पत्रा आत दबतो, दोन टेकूंच्या मध्ये तळ झुकतो. इंग्लंडची व्हिक्टरी, १७६५ ची लाकडी नौका, १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. ती स्वतःच्याच वजनानं पसरायला लागली, म्हणून अलीकडं जुने टेकू काढून पोलादाचे १३४ नवे टेकू लावले, प्रत्येकावर किती भार येतोय ते मोजता येईल अशी सोय करून. जपानची मिकासा, १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतली, योकोसुकाला काँक्रीटमध्ये बसवली आहे. तिचा प्रश्न वेगळा: काँक्रीट आणि पोलादाच्या फटीत पावसाचं पाणी अडतं.

त्यात पाणबुडी मात्र जमिनीवर ठेवायला सगळ्यात सोयीची. तिचा आतला नळा प्रचंड दाब सोसायला बनवलेला, गोल आणि जाड. म्हणून कुरसुरा वाळूवर इतकी वर्षं नीट आहे. समुद्रावरून येणारं खारं वारं हा तिचा मोठा शत्रू. रंग सुटला की लगेच लावावा लागतो.

---

पाणबुडा_२०

कुरसुराचा विषय निघालाच आहे तर मुलांना आत काय दाखवायचं ते लिहितो. गर्दीत गाईड भराभर पुढं नेतात, म्हणून मास्तरांनी आधीच वर्गात फळ्यावर हे करून घ्यावं.

फॉक्स्ट्रॉट प्रकारची, सोव्हिएत बनावटीची डिझेल-विद्युत पाणबुडी. १८ डिसेंबर १९६९ ला रीगा इथं नौदलात आली, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली, २००२ मध्ये विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय झालं. लांबी ९१.३ मीटर, रुंदी साडेसात मीटर. ही रुंदी बाहेरच्या कवचाची आहे. आतला दाब सोसणारा नळा त्याहून अरुंद, आणि त्यात इंजिनं, बॅटऱ्या, पाणतीर (टॉर्पेडो) आणि सुमारे ७५ माणसं.

आत सात कप्पे. पुढून मागे: पुढचे पाणतीर, अधिकाऱ्यांची जागा आणि खाली बॅटऱ्या, नियंत्रण कक्ष, पुन्हा राहण्याची जागा आणि खाली बॅटऱ्या, डिझेल इंजिनं, विद्युत मोटारी, मागचे पाणतीर. प्रेक्षक एका टोकानं आत जाऊन दुसऱ्या टोकानं बाहेर पडतात. मध्ये मागं वळायची सोय नाही, म्हणून कुणाला कोंडल्यासारखं वाटत असेल तर ते आत शिरण्याआधीच ठरवावं.

पाणतीराच्या नळ्या पुढं सहा, मागं चार, व्यास ५३३ मिलिमीटर, एकूण २२ पाणतीर मावतात. नळीला दोन दारं: एक आतून, एक समुद्राकडून. दोन्ही एकाच वेळी उघडता येऊ नयेत अशी यांत्रिक अडवणूक असते. मुलांना इथं गणित घालता येईल. ही पाणबुडी २८० मीटरपर्यंत जाऊ शकत होती. त्या खोलीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण २८ किलो दाब. नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढा, २,२३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. गुणाकार केला की साठ टनांच्या वर. त्या एका दारावर. हे वर्गात करून आलेला मुलगा ते दार बघताना थांबतो, न करून आलेला सेल्फी काढून पुढं जातो.

दुसरं गणित बुडण्याचं. वर तरंगताना ती सुमारे १,९५० टन पाणी बाजूला सारते, बुडाल्यावर सुमारे २,४७५ टन. मधला सव्वापाचशे टनांचा फरक म्हणजे दोन कवचांच्या मधल्या टाक्यांत भरलेलं पाणी. वर यायचं तर साठवलेली दाबाची हवा सोडून तेच पाणी बाहेर ढकलायचं.

नियंत्रण कक्षात झडपांची इतकी चाकं आहेत की मुलं मोजायच्या नादाला लागतात. मोजू द्या, पण हात लावू देऊ नका. आणि डिझेल इंजिनांच्या कप्प्यात विचारा की पाण्याखाली ही इंजिनं का चालत नाहीत. हवा लागते, हे उत्तर बहुतेकांना येतं. मग खालच्या बॅटऱ्यांचा कप्पा आठवायला सांगा, म्हणजे मोटारींचा कप्पा इंजिनांच्या लगेच मागं का आहे ते आपोआप कळतं: तीन डिझेल इंजिनं, तीन मोटारी, तीन शाफ्ट, सगळं एका ओळीत.

---

संत्रानगरी

चांगली माहिती. एक भर: कारवारच्या चपलवरही मुलांना नेता येईल, १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणारी नौका आहे ती.

---

खारं_वारं

@संत्रानगरी, नाही. हे चुकीचं सगळीकडं फिरतं म्हणून खोडून काढतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर. चपल नौदलात आली १९७६ मध्ये, म्हणजे युद्धानंतर पाच वर्षांनी. सगळ्या सोव्हिएत ओसा वर्गातल्याच, पण चपल दुसऱ्या पिढीची. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या पिढीच्या नौकांवर क्षेपणास्त्रांच्या चार चौकोनी पेट्या होत्या. दुसऱ्या पिढीत क्षेपणास्त्राचे पंख दुमडणारे आले, त्यामुळं पेटीऐवजी गोल नळ्या. चपलवर काय आहे ते बघितलं की वाद मिटतो.

इंजिनं तीन. दुसऱ्या पिढीतल्या प्रत्येक इंजिनाला ५६ सिलिंडर, आठ-आठच्या सात रांगा, चक्रासारख्या गोलाकार मांडलेल्या. मोटारसायकल दुरुस्त करणारं एखादं पोरगं वर्गात असेल तर त्याला हे सांगा, त्याला झोप लागणार नाही.

पण नागपूरहून कारवार म्हणजे आधी मडगाव, मग पुढं. चाळीस मुलांसाठी फार फिरणं होतं आणि नौका फक्त ३८ मीटरची, आत एका वेळी मोजकीच माणसं मावतात. तेवढ्यासाठी जाऊ नका. गोव्याची सहल असेल तर जोडून घ्या.

आणि दीवचं कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. खुकरी नावाच्या दोन नौका. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडी हंगोरनं बुडवली ती जुनी फ्रिगेट. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे, काचेत नौकेची प्रतिकृती ठेवलेली. दुसरी खुकरी १९८९ ची, माझगावला बांधलेली कॉर्व्हेट, २०२१ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाल्यावर दीवला दिली. स्मारकापाशी उभं राहून ‘हीच बुडालेली नौका वर काढली’ असं सांगणारे भेटतात. बुडालेली कधीच वर काढलेली नाही.

---

मास्तर_महाल

छान. तरंगणारीची अट मागं घेतो. विशाखापट्टणम जवळजवळ नक्की. आता नागपूरहून जायचं, हवामान आणि किती वेळ लागेल ते सांगा.

---

अजबबंगला

समता एक्सप्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा करत थेट विशाखापट्टणमला जाते. स्वर्णजयंती बल्लारशा, विजयवाडामार्गे जाते, ती लांबून. ४४ जणांचं आरक्षण एकत्र हवं तर वैयक्तिक तिकिटं काढत बसू नका. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, मुलांची वयासकट यादी आणि मुख्याध्यापकांचा शिक्का घेऊन आरक्षण कार्यालयात जा. स्टेशनपासून रामकृष्ण बीच चार-पाच किलोमीटर, पण ४४ जणांना ऑटोऐवजी एक बस सांगा.

दिवाळीनंतर लगेच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट विशाखापट्टणमवरच आलं होतं. वादळाचा इशारा आला की गाड्या रद्द होतात आणि समुद्रकिनाऱ्यावरचं सगळं बंद. जानेवारी उत्तम. नागपूरच्या लोकांना ऊन सोसायची सवय असते, पण ती कोरड्या उन्हाची. तिथली दमट हवा आणि वरून पाणबुडीच्या नळ्यात चाळीस माणसं, एवढ्यात घाम वाळत नाही आणि चक्कर येते. आत शिरण्याआधी पाणी पाजा, पाठीवरच्या सॅका बसमध्येच ठेवा. सॅक पाठीला असली की प्रत्येक कप्प्याच्या दारात अडकते आणि मागची रांग थांबते.

किनाऱ्यावर एक कडक नियम करा: पाण्यात पाय नाही. रामकृष्ण बीचचा समुद्र दिसतो तसा नाही, खेचणारे प्रवाह आहेत, बुडण्याच्या घटना होत राहतात. फुटाळ्यावर बसून समुद्राचा अंदाज येत नाही.

---

पाणबुडा_२०

वेळेचं सांगतो. पंधरा-सोळाचे तीन गट करा. एक गट आत, दुसरा समोर रस्त्यापलीकडच्या तू-१४२ विमान संग्रहालयात, तिसरा किनाऱ्यालगतच्या ‘व्हिक्टरी ॲट सी’ स्मारकापाशी. मग फिरवा. एकदम ४४ जण आत घातले तर शेवटच्या मुलाला पुढच्याचं डोकं सोडून काही दिसणार नाही.

विमानाला कमी लेखू नका. तू-१४२ म्हणजे पाणबुड्या शोधणारं विमान. चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनावर चार पात्यांचे दोन पंखे, एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे. पुढच्या पंख्यानं पिळलेली हवा मागचा सरळ करतो, म्हणून ताकद वाया जात नाही. ही विमानं २०१७ च्या मार्चमध्ये अरक्कोणमला निवृत्त झाली. शिकार आणि शिकारी समोरासमोर ठेवलेत, मधून फक्त बीच रोड.

स्मारकापाशी १९७१ मधल्या गाझीची गोष्ट निघेल. पाकिस्तानची ती पाणबुडी विक्रांतच्या मागावर आली होती आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. विक्रांत तिथं नव्हतीच. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळं वेग कमी ठेवून ती अंदमानकडं होती आणि नंतर कॉक्स बाजार, चितगावकडं विमानं पाठवत होती.

---

दीपगृह_०७

परदेशातल्या तरंगत्या नौकांबद्दल कुणी लिहिलं नाही. मास्तरांच्या मुलांपैकी कुणी पुढंमागं जाईल म्हणून थोडक्यात, आणि एकाच नौकेवर जरा जास्त.

इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ‘ट्रिंकोमली’ आहे. ती आपल्या मुंबईची. वाडिया मंडळींच्या गोदीत बांधली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवली, सगळी मलबारच्या सागवानाची. आजही पाण्यात तरंगते, ब्रिटनची तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका तीच. इतकी का टिकली? इंग्रजांच्या घरच्या नौका ओकच्या. ओकमध्ये टॅनिनचं आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, तो खिळ्याला गंजू देत नाही आणि वाळवीही त्याला टाळते. गडचिरोलीत आलापल्लीच्या बाजूला जुन्या सागवानी घरांचे खांब बघितलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही.

लंडनची बेलफास्ट टॉवर ब्रिजजवळ थेम्समध्ये आहे, १९७१ पासून संग्रहालय. नऊ मजले, खाली बॉयलर रूमपर्यंत जाता येतं, पण शिड्या जवळजवळ उभ्या. उतरताना शिडीकडं तोंड करून उतरायचं, दोन्ही हात कठड्यावर. पाठ करून उतरणारे घसरतात. भरती-ओहोटीत नौका सहा-सात मीटर वरखाली होते, त्यामुळं धक्क्यावरून नौकेवर जाणारा पूल एका टोकाला सरकता ठेवावा लागतो. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तो पूल दुरुस्ती चालू असताना कोसळला आणि नौका कित्येक महिने बंद राहिली. तरंगत्या संग्रहालयात नौकेइतकाच तो पूल सांभाळावा लागतो.

टेक्सासचा एक धडा गोदीतला_पाना यांच्या यादीत जोडायला हरकत नाही. तिचा लाकडी डेक कुजला तेव्हा पैसे वाचवायला वर काँक्रीट ओतलं. जहाजाचा पत्रा उन्हात फुगतो-आकसतो, काँक्रीट तेवढं हलत नाही, त्याला भेगा गेल्या. मग पावसाचं पाणी भेगांतून आत मुरायला लागलं. १९८८ ला गोदीत नेऊन ते सगळं फोडून काढावं लागलं.

---

तर्रीवाला

एक शेवटचा. अलप्पुळाला ती छोटी टी-८१ रस्त्यानंच नेली असंल नं, तर नागपुरात आणून फुटाळ्यात सोडली तर? तरंगती पाहिजे होती नं मास्तरांना.

---

गोदीतला_पाना

हसण्यावारी नेत नाही, हिशेब करू. टी-८१ साधारण २५ मीटर लांब, ६० टन. अलप्पुळाला बराच रस्ता पाण्यातून झाला, रस्त्यानं फक्त शेवटचा टप्पा. नागपूरला विशाखापट्टणमहून आणायची म्हटलं तर सगळा रस्ता ट्रेलरवर. वरचा मनोरा आणि डोलकाठी काढावी लागेल, नाहीतर उड्डाणपूल आणि विजेच्या तारा आडव्या येतील. प्रत्येक पुलाची भारक्षमता आधी तपासून घ्यावी लागेल. घाटातली वळणं २५ मीटरच्या ताठ मालाला मानवत नाहीत, मालाच्या दोन टोकांखाली वेगवेगळी वळणारी चाकं लागतात.

आणून सोडली तरी फुटाळ्याचं पाणी गोडं. वर सांगितलं ते ठोकळ्यांचं प्रकरण. शिवाय गोड्या पाण्यात नौका थोडी खोल बसते, समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के. ६० टनांच्या नौकेनं साधारण दीड घनमीटर जास्तीचं पाणी बाजूला सारलं की भागलं, म्हणजे बोटभर खोल. तेवढं चालेल. चालणार नाही ते उन्हाळ्यात तळ्याची पातळी उतरली की. नौका एका कडेवर चिखलात बसते, आत कुठंतरी साचलेलं पाणी सगळं त्या कडेला धावतं. परातीत पाणी घेऊन परात जरा कलती करून बघा, पाणी सगळं एका बाजूला आणि परात हातातून सुटते. जहाज कलंडतं ते असंच, बाहेरच्या पाण्यापेक्षा आतल्या मोकळ्या पाण्यानं.

तुमच्या पोरांना जहाज बघायची तयारी नागपुरातच करायची तर मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. जुन्या वाफेच्या इंजिनाच्या पत्र्यावर रिव्हेट कसे मारलेत ते बोट लावून बघू द्या. दोन पत्र्यांच्या जोडावर रिव्हेटच्या एक की दोन रांगा, अंतर किती, ते वहीत काढून घ्या. मग कुरसुरावर रिव्हेट शोधायला सांगा. सापडणार नाहीत, कारण जोड वेल्डिंगचे आहेत. का, हे त्यांनाच विचारा. दाबाखाली रिव्हेटचा प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता.

---

मास्तर_महाल

सगळ्यांचे आभार. नियोजन असं केलं आहे, कुणाला काही खटकलं तर सांगा.

जानेवारीचा दुसरा आठवडा. शनिवारी नागपूरहून समता. रविवारी विशाखापट्टणम, दुपारी विश्रांती, संध्याकाळी लांबूनच समुद्र. सोमवारी सकाळी तीन गट करून कुरसुरा, विमान आणि स्मारक. मंगळवारी परत. निघण्याच्या आठवडाभर आधी मोतीबाग, आणि त्याआधी वर्गात पाणतीराच्या दाराचं गणित. सॅका बसमध्ये. चार शिक्षकांपैकी एक कायम बाहेर, आत न जाणाऱ्या मुलांसोबत.

---

पाणबुडा_२०

बाकी सगळं ठीक. पण कुरसुरा सोमवारी बंद असते, आणि इतर दिवशीही साधारण दुपारनंतरच उघडते. गाडी एक दिवस पुढं ढकला आणि मंगळवारची दुपार धरा. समता रोज धावत नाही, तेव्हा परतीची तारीख वेळापत्रक बघूनच लिहा. निघण्याआधी तिथं फोन करून वेळ पुन्हा विचारा, आणि गट मोठा आहे हेही त्याच फोनवर सांगून टाका.